आम्ही, वेरवंड्याचे लोक

"पालखी थांबणार नाही हे माहीत असताना तू दरवर्षी अंगण का सारवायचीस?"

हा प्रश्न विचारायची पैज माझ्याशी प्रांजल आणि मिसबाहने लावली. शाळेच्या मागच्या पायरीवर बसून आम्ही कैरी खात होतो आणि मी फुशारकी मारली की आमची शेवंताआत्या श्रावणात गेली तरी अजून माझ्या स्वप्नात येते, चांगल्या गप्पाबिप्पा मारते. मिसबाह मिठाची पुडी चाटत म्हणाली, "येते ना? मग विचार तिला हे."

प्रांजल म्हणाली, "ही विचारणार? जिवंत होती तेव्हा विचारलं नाही, आता झोपेत विचारणार!"

मला झोंबलं. कारण ते खरं होतं. आठवीपर्यंत मी वर्गात "हजर" म्हणायचे तेही सरांना ऐकू जायचं नाही. मग नववीत एकदा प्रांजलचा घसा बसला आणि परिपाठाचा माईक माझ्या हातात आला. प्रार्थना, प्रतिज्ञा, आणि शेवटी संविधानाची उद्देशिका. पहिल्या दिवशी पाय लटलटत होते. दुसऱ्या दिवशी मला माझाच आवाज भोंग्यातून समोरच्या डोंगरावर आपटून परत येताना ऐकू आला, आणि काय सांगू तुम्हाला, मी त्या आवाजाच्या प्रेमातच पडले! तेव्हापासून माईक माझ्याकडे आहे. कुणी मागितला तरी देत नाही.

आता आत्याबद्दल. शेवंताआत्या बाबांची मोठी बहीण. नवऱ्याचं घर सोडून आली, भावाच्या घरात राहायला नको म्हणाली, आणि काजू फोडून-विकून शाळेच्या खालच्या बाजूला तिनं दोन खोल्यांचं कौलारू घर उभं केलं. आमच्या वेरवंड्यात शिमग्याला ग्रामदेवीची पालखी घरोघर येते. अंगणात नाचते, टेकते, घरचे नारळ देतात, मग गावकीचे प्रमुख धोंडूतात्या त्या घराचं नाव घेऊन देवीला गाऱ्हाणं घालतात. "ह्या लेकरांना सुखी ठेव, म्हाराजा!" की सगळे एका दमात म्हणतात, "व्हय म्हाराजा!" पण आत्याच्या अंगणात पालखी कधीच आली नाही. गावकीत घर धरायचं तर त्या घरातला एक बापया, म्हणजे पुरुष, बैठकीला बसला पाहिजे. आत्याच्या घरात बापया नव्हता. म्हणजे घरच नव्हतं.

आणि पालखीच्या पुढच्या दांडीला कोण? माझे बाबा. दरवर्षी.

अजून एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. यंदा सव्वीस जानेवारीला ग्रामपंचायतीपुढं झेंडावंदन झालं आणि उद्देशिका वाचायला मला बोलावलं. मी एका दमात थोडीच वाचणार? सरांनी सांगितलं होतं, थांबून, ठासून वाच. म्हणून मी "सामाजिक, आर्थिक व राजनैतिक न्याय" म्हणून थांबले. पुढच्या खुर्चीत धोंडूतात्या हात जोडून, डोळे मिटून बसले होते. मी थांबल्याचं जाणवलं आणि त्यांच्या तोंडून आपोआप निघालं, "व्हय म्हाराजा!" तात्या म्हणाले म्हटल्यावर मागचे सगळे म्हणाले. पोरं खिदळायला लागली, गुरुजींनी ओठ चावला, सरपंचांना खोकला आला. मी वाचत राहिले. "दर्जाची व संधीची समानता!" "व्हय म्हाराजा!" बाबांचा आवाज सगळ्यात मोठा. बंधुतेलासुद्धा व्हय म्हाराजा!

आठवडाभर आम्ही तिघी यावर हसत होतो.

आमच्याकडे गाऱ्हाण्याला दिलेला व्हय परत घेता येत नाही. चंदूकाकांनी एकदा डुलकीत व्हय म्हटलं आणि शिमग्यात नमनाचे खेळ करणाऱ्या अख्ख्या मंडळाला जेवण घालावं लागलं होतं. मटणाचं.

तर, आजचा रविवार. उद्या पालखी आमच्या वाडीत येणार. जेवताना बाबा आईला म्हणाले, "शिमगा झाला की आक्काच्या घराची कौलं उतरवून घेऊ. बंद घर, वाळवी खाईल." माझा घास हातातच राहिला. आई म्हणाली, "जेव गो." मी जेवले. बांगड्याचं तिखलं होतं, पण चव कळली नाही. मग पडवीत चटईवर जाऊन पडले, उताणी, रागाने.

मागीलदारी आई कुळीथ पाखडतेय. सुपाचा आवाज येतोय. सुप्प, सुप्प. पापण्या जड होतायत. सुप्प, सुप्प, कट्. पाखडताना कट् कुठून येईल? सुप्प, कट्. कट्. मी डोळे उघडते, किंवा उघडत नाही.

शेवंताआत्या नववी ब च्या शेवटच्या बाकावर बसून ओले काजू फोडतेय.

"आलंस? बस. राखेला लागू नको, कपडे मळतील."

बाकावर राखेचा ढीग आहे. तिची बोटं राखेनं पांढरी आणि त्याखाली चिकानं काळी. मी रविवारीसुद्धा गणवेशात आहे, वेणीला रिबीन आहे, आणि याचं मला काही वाटत नाही.

"आत्या, वर्गात काजू फोडतेस? सर ओरडतील."

"ओरडू देत. मी काय त्येंच्या हजेरीत हाय?"

ती हसते. बोटांना चीक असतो म्हणून ती नेहमी मनगटाच्या मागच्या बाजूनं तोंड झाकून हसायची, तशीच. मी तिच्या शेजारी सरकून बसते. बाक गार आहे आणि शेणाचा, गवताचा वास येतोय.

"प्रांजलने माझ्याशी पैज लावलीय," मी सांगायला लागते, पण तेवढ्यात वर्ग भरतो. सगळा गाव येऊन बाकांवर बसतो, गुडघे बाकाच्या फळीला आपटतायत, कुणाकुणाचे फेटे पंख्याला लागतायत. सरांच्या टेबलावर पालखी ठेवलीय, लाल शालू, चांदीचे मुखवटे. फळ्यापुढं धोंडूतात्या उभे आहेत आणि हजेरी घेतायत.

"शितपांचं घर!"

"व्हय म्हाराजा!"

"मांडवकरांचं घर!"

"व्हय म्हाराजा!"

एकेक घर. आत्या हात वर करते. हातात काजू कापायची सुरी आहे, ती चमकते. तात्यांची नजर तिच्या बाकापर्यंत येते आणि खिडकीबाहेर जाते.

"सगळी घरं झाली?"

"व्हय म्हाराजा!"

"नाही झाली!" मी ओरडते. म्हणजे ओरडायला तोंड उघडते, आणि आतून आठवीतला आवाज बाहेर येतो, तो हजेरीचा, सरांना ऐकू न जाणारा. मी माईक शोधते. माझ्या हातात काजूचं बोंड आहे. रस कोपरापर्यंत ओघळतोय.

"दम खा," आत्या म्हणते. "बाहेर बसू. हितं उकडतंय."

आम्ही उठत नाही. बाकाची फळीच उंबरा झालीय. आम्ही तिच्या दारात बसलोय आणि समोर अंगण आहे, ओलं, हिरवट, नुकतं सारवलेलं. बोटांच्या चंद्रकोरी अगदी स्पष्ट. पण ते पाणंदीशी संपत नाही. पाणंद ओलांडून, शाळेचं मैदान ओलांडून, डोंगराच्या पायथ्यापर्यंत सारवलेलं आहे. मध्ये शाळेचा झेंड्याचा खांब, त्याच्याभोवतीसुद्धा रांगोळी.

"आत्या, हे एवढं?"

"कंबर मोडली गो," ती खुशीत म्हणते.

ढोल वाजतो. आधी पोटात, मग कानात. पालखी पाणंदीनं येतेय. पुढच्या दांडीला एक लहान मुलगा आहे, खाकी अर्धी चड्डी, दांडी त्याच्या मांडीपेक्षा जाड. तो धापा टाकतोय. ते गाल मला ओळखू येतात.

"ते बाबा आहेत?"

"मंग कोण? माझ्या कडेवर बसून शिमगा बघायचा. पालखीचा गोंडा धरायचा म्हणून भोकाड पसरायचा. मी टाचा उंच करून धरायची त्येला."

पालखी अंगणाच्या कडेला येते. एक पाय ओल्या शेणावर पडणार असं वाटतं. पण तो मुलगा मान वळवतो, पार दुसऱ्या बाजूला, डोंगराकडं, आणि वळवलेल्या मानेनंच पुढं जातो. त्याच्या मागचे सगळे तसेच. एका मागोमाग एक, माना वळवलेल्या. ढोल लांब जातो.

"बघितलंस?" आत्या म्हणते. "दर शिमग्याला त्येची मान धरायची. तुझी आयशी राती तेल चोळायची. मला सगळं म्हाईत हाय."

आता विचारायलाच हवं. पैज आहे. आणि पैज नसती तरी. मी घसा साफ करते, परिपाठाला करते तसा.

"आत्या, पालखी थांबणार नाही हे माहीत असताना तू दरवर्षी अंगण का सारवायचीस?"

ती काजू फोडते. कट्. काडीनं गर अलगद बाहेर काढते, अख्खा, आणि माझ्या तळहातावर ठेवते.

"पयल्या वर्षी थांबंल म्हणून सारवलं. दुसऱ्या वर्षीपण. तिसऱ्याला कळलं, ही काय थांबत नाय."

"मग?"

"मंग जास्त मोठं सारवलं!"

मला हसू फुटतं. तीही हसते, मनगट तोंडावर.

"हसतंस काय? आधी दारापुरतं व्हतं, ते पाणंदीपर्यंत नेलं. चारी बाजूंनी रांगोळी. दारात नारळ, तांब्या, दिवा. रस्त्यानं येणाऱ्याच्या डोळ्यात घुसंल असं. का म्हाईत हाय? शेवंताचं घर दिसलंच नाय, इसरलो, असं बोलायची सोय मला त्यांना ठेवायची नव्हती. जायचं तर बघून जा. मान मोडून जा."

"पण थांबले तर नाहीतच ना."

"नाय थांबले. पन एक तरी सरळ मानेनं गेला का, सांग."

मी पाणंदीकडं बघते. नाही. एकही नाही.

"आता माझा प्रश्न," आत्या म्हणते. "तू सकाळचं भोंग्यावर वाचायचंस, मी हितं काजू फोडत ऐकायची. आवाज तुझा म्हणून कान द्यायची. सगळं नाय समजायचं. शेवटाला तुम्ही काय तरी अर्पण करता. ते कुणाला? कुठल्या देवाला?"

"देवाला नाही. स्वतःप्रत अर्पण."

"म्हंजे?"

"म्हणजे स्वतःला. आपलं आपल्याला."

"देणारा कोण?"

"आपण."

"घेणारा?"

"आपणच."

तिची सुरी थांबते. "आनि म्हाराजा?"

"महाराजा नाहीच त्यात, आत्या! शोधून बघ. पहिलाच शब्द 'आम्ही' आहे."

"मंग ह्या धोंडूचं हितं काम काय?"

आम्ही दोघी एवढ्या हसतो की झेंड्याच्या खांबावरचा कावळा उडून जातो. मग ती काळी बोटं राखेत फिरवत राहते. माझ्याकडं न बघता विचारते, "त्या आम्हीत मी हाय?"

"आहेस ना. 'सर्व नागरिकांस' असं म्हटलंय. त्यात पुरुष असलेलं घर, पुरुष नसलेलं घर, असा काही भेद नाही. दर्जाची समानता म्हणजे जन्म, जात, लिंग यांवरून..."

"पेपरातलं उत्तर नको. तू बोल."

मी तिच्याकडं बघते. तिच्या कानामागचा तो छोटा तीळ. राख उडून पांढरी झालेली भुवई. सकाळी भोंगा लागल्यावर ती अशीच बसत असणार, आणि वरून माझा आवाज येत असणार, आणि मला हे कधी माहीतच नव्हतं.

"आहेस, आत्या."

"मंग मी म्हणायची ते चुकीचं नव्हतं."

"काय म्हणायचीस?"

"व्हय म्हाराजा." ती जरा लाजते. "तू थांबलंस की मी हितं म्हणायची. हळू. काजू फोडता फोडता. पन एकटीचा व्हय म्हंजे काय गो? गाऱ्हाणं घालणारा एक लागतो, आनि त्येला व्हय म्हणणारा दुसरा. माझ्या घराचं गाऱ्हाणं मीच घालायची, आनि व्हय पन मीच म्हणायची. कुत्रंसुदिक ऐकायचं नाय."

बंधुता या शब्दाला मी दोन गुणांचं उत्तर पाठ केलेलं आहे. ते आता आठवत नाही. आठवतं ते वेगळंच, आणि मी उडी मारून उभी राहते. ओल्या शेणावर माझ्या पावलांचे ठसे उमटतात.

"आत्या! म्हणाले! सगळे म्हणाले!"

"काय म्हणाले?"

"सव्वीस जानेवारीला! मी वाचलं, दर्जाची व संधीची समानता, आणि अख्खा गाव म्हणाला, व्हय म्हाराजा!"

"काय बोलतंस! धोंडूपन?"

"तात्यांनीच सुरू केलं!"

"आनि माझा भाव?"

"सगळ्यात मोठ्यानं."

ती हसते. यावेळी मनगट तोंडाशी नेत नाही. तिचे दात मी पहिल्यांदा नीट बघते, पुढचे दोन थोडे एकमेकांवर चढलेले, बाबांसारखे, माझ्यासारखे. ती माझं मनगट पकडते, घट्ट, अंगठा वरून दाबून.

"मंग अजून कुणाची वाट बघतंस?"

"आत्या, चीक! चटका बसतोय!"

"बसू दे," ती म्हणते. "त्याबिगर ध्यानात नाय राहायचं."

सुप्प, सुप्प.

"ऊठ गो, चहा निवतोय. किती झोपशील!"

पडवी. चटई. गालावर चटईच्या काड्यांची नक्षी. पायरीवर ऊन उतरलंय. माझ्या अंगात घरातला जुना फ्रॉक आहे, गणवेश नाही. मी मनगट चोळते, कारण तिथं आग होतेय. आणि बघते तर उजव्या मनगटावर एक तपकिरी डाग. लांबट, अंगठ्याएवढा.

काजूचा चीक आम्हा कोकणातल्या मुलींना ओळखायला शिकवावा लागत नाही. पण आत्या गेल्यापासून आमच्या घरात कुणी काजू फोडलेला नाही. झाडाखाली बोंडं सडतायत. मी साबण लावते. शिकेकाई लावते. डाग तसाच. चिकाचा डाग धुवून जात नाही, कातडं सोलून निघेपर्यंत राहतो. मिसबाह म्हणेल, पेनाची शाई असेल. म्हणू दे. पैज मी जिंकलेय.

ओटीवर बाबा उद्याच्या तयारीला बसलेत. जुना पंचा दुमडून खांद्यावर ठेवायची उशी शिवतायत, दांडी रुतू नये म्हणून. आई त्यांच्यापुढं चहा ठेवते. मी मधोमध जाऊन उभी राहते. पाय लटलटत नाहीत. मी माझ्या पायांकडं बघून खात्री करून घेते.

"आई, बाबा, मी एक ठरवलंय."

"आधी चहा पी," आई म्हणते.

"आत्याच्या घराची किल्ली मला द्या. आता जाऊन मी अंगण सारवणार आहे. पाणंदीपर्यंत. उद्या पालखी येईल तेव्हा दारात नारळ घेऊन मी उभी असेन."

बाबांची सुई थांबते.

आई कपाळाला हात लावते. "वेड लागलंय का तुला? गावकी वाळीत टाकेल आपल्याला!"

"वाळीत टाकणं गुन्हा आहे, आई. कायदा आहे तसा. आणि टाकलं तर टाकलं, आत्यानं जन्मभर काय केलं?"

"स्वरांगी!" बाबा पूर्ण नाव घेतात म्हणजे चिडलेत. पण आवाजात चीड नाही. "बाय माझे, आक्का गेली. आता कुणासाठी ते?"

"माझ्यासाठी. उद्या मी शिकले, नोकरी केली, एकटी राहायचं ठरवलं आणि माझं घर बांधलं, तर ते घर असेल का बाबा? की त्याचीही कौलं उतरवाल?"

बाबा नकळत मान चोळतात. डावी बाजू. डोंगराची उलटी बाजू, जिथं ताण पडतो.

"तुम्ही पुढच्या दांडीला असता," मी म्हणते. "थांबायचं की पुढं जायचं ते तुम्ही ठरवा. मी अंगणातून हलणार नाही. मान वळवून गेलात तरी मी मोठ्यानं आत्याचं नाव घेणार. माझा आवाज कुठवर जातो तुम्हाला माहीत आहे."

"मी एकटा थांबून काय व्हतंय?" बाबा खाली बघून म्हणतात. "गावकीनं आक्काचं घर धरायला व्हय म्हटलं पाहिजे."

मी मनगट त्यांच्यापुढं धरते. ते डागाकडं बघतात. बराच वेळ बघतात. त्यांनाही तो अंगठा ओळखू येतो की काय, मला ठाऊक नाही.

"म्हटलंय, बाबा. सव्वीस जानेवारीला, सगळ्यांनी. तुम्ही सगळ्यात मोठ्यानं. मी ऐकलंय. माईक माझ्या हातात होता."